सैनिकाची सहधर्मचारिणी : सावित्रीबाई खानोलकर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 परमुलखात मराठी मंडळ चालविणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात राहणाऱ्यांना सांगून कळावयाचे नाही. गणपतीच्या आरतीला दहा माणसे जमविण्यापासून त्याची सुरुवात होते आणि दहांची शंभर होईपर्यंत जमविणाऱ्यांचे केस पांढरे होतात. ते काम आपण ५० वर्षे अखंड चालविलेत. म्हणून प्रथम आपले अभिनंदन करते.

संयोजकांनी मला 'सैनिकाची पत्नी आणि माता' हा विषय दिला. २८ वर्षे मी छावण्या-छावण्यांतून संसार केला, म्हणूनच हा विषय माझ्या वाट्याला आला, हे उघड आहे. परंतु स्वतःच्या संसाराची कथा व्यासपीठावरून सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याऐवजी एका अशा स्त्रीचे स्मरण करावे असे मी ठरविले, की जिच्या हातची कलाकृती दर प्रजासत्ताकदिनी साऱ्या देशाच्या नजरेसमोरून जाते, परंतु जिचे नाव आपल्या मराठी घरांतूनसुद्धा फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या म्हणजे सौभाग्यकांक्षिणी ईव्ह म्हणून या देशात आलेल्या आणि सावित्रीबाई खानोलकर म्हणून येथल्याच मातीत मिसळून गेलेल्या बाई.

खानोलकर हे आडनाव ऐकताच आपल्याला वेंगुर्ल्याजवळची खानोली आठवते, नारळी-पोफळी आठवतात. परंतु सावित्रीबाईंचा जन्म झाला तो स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी, २० जुलै १९१३ रोजी. माहेरचे नाव ईव्ह यव्होन माडे दे मारोश. वडील हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन. बालपण जिनिव्हात गेले. घरात ग्रंथांची श्रीमंती होती आणि त्या ग्रंथांतूनच हिंदुस्थान नावाच्या दूरच्या देशाशी या मुलीचा प्रथम परिचय झाला.

१९२९ साली, ती १६ वर्षांची असताना, विक्रम रामजी खानोलकर नावाच्या हिंदी तरुणाशी तिची ओळख झाली. हे गृहस्थ इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकत होते आणि सुट्टीत स्वित्झर्लंड पाहावयास आले होते. त्या काळी सँडहर्स्टला प्रवेश मिळणे हीच हिंदी तरुणाच्या दृष्टीने अपूर्वाई होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे दार हिंदी मुलांना उघडले, तेव्हा वर्षाला अवघ्या दहा जागा त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या. असा हा निवडक मुलगा, आणि तरीही ईव्हच्या वडिलांनी नकार दिला. एवढ्या लांबच्या देशात, परक्या धर्मात आणि तेही सैनिकाच्या घरात आपली मुलगी द्यावयाची, या कल्पनेने कोणता बाप हबकणार नाही? येथे बसलेल्या किती जणींच्या वडिलांनी, मुलगा मराठी, ओळखीतला आणि शेजारच्याच तालुक्यातला असूनसुद्धा 'फौजी नको' म्हणून नाक मुरडले असेल, ते ज्याचे त्याला ठाऊक!

परंतु मुलगी निश्चयाची होती. ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौ येथे दोघांचा विवाह झाला. तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि सावित्री हे नाव घेतले. योगायोग असा, की ज्या वर्षी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली, त्याच वर्षी या सैनिकी संसाराची सुरुवात झाली. तेव्हा तिचे वय अवघे १९ वर्षांचे होते.

पत्नीने पतीचे नाव लावावे, लुगडे नेसावे, एवढ्यावर हे थांबले असते तरी लोकांनी कौतुकच केले असते. परदेशी सुनेने हळदीकुंकवाला साडी नेसली की आपण तेवढ्यानेही हरखून जातो. सावित्रीबाईंनी मात्र पाहुणी म्हणून कौतुक करून घेण्याचे नाकारले. त्यांनी मांसाहार सोडला. मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा त्या उत्तम शिकल्या. संगीत, चित्रकला आणि नृत्य यांचा अभ्यास केला. उदय शंकर यांच्याकडे त्यांनी नृत्याचे धडे घेतले. पतीची बदली पाटण्यास झाली तेव्हा त्यांनी पाटणा विद्यापीठात नाव घातले आणि संस्कृत नाटके, वेद व उपनिषदे यांचे अध्ययन केले. आपण युरोपात जन्मलो ती एक चूकच झाली, असे त्या म्हणत आणि कोणी 'परदेशी' म्हटलेले त्यांना खपत नसे.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. बदली हा शब्द मी सहज उच्चारला. परंतु सैनिकाच्या पत्नीचे अर्धे आयुष्य या एका शब्दात सामावलेले असते. काळ्या ट्रंका आणि त्यांवर पांढऱ्या रंगात रंगविलेले नाव, हुद्दा आणि पलटणीचा क्रमांक ही तिची खरी वास्तू. भिंती सरकारच्या, खुर्च्या-टेबले भाड्याची, बाग मागच्या कोणीतरी लावलेली. आपण लावलेल्या रोपाची फुले पुढची येऊन पाहणार. दोन-तीन वर्षांनी हुकूम येतो, मुलांची शाळा मध्येच सुटते आणि नव्या गावी नवी भाषा, नवे पाणी. पतीची नेमणूक सीमेवर झाली तर तेवढेही नाही. मग ती मुलांना घेऊन एकटीने सरकारी क्वार्टरमध्ये वा सासरी राहते, आणि मुलांना बाप तो केवळ पत्रांतून व सुट्टीतून माहीत होतो.

अशा जीवनात बायकांची दोन प्रकारची वृत्ती होते. एक म्हणजे कोठेच मन न रुजविणे. कशाला जीव लावावयाचा, उद्या निघावयाचेच आहे! मी स्वतः पुष्कळ वर्षे अशीच राहिले, हे कबूल केले पाहिजे. दुसरी वृत्ती सावित्रीबाईंची. जेथे जावे तेथे काहीतरी शिकावे. पाटण्याची बदली ही कित्येकींना शिक्षा वाटली असती. या बाईंनी त्या बदलीतून उपनिषदे मिळविली.

आणि पाटण्यात राहूनही त्यांनी सासरचा मुलूख विसरू दिला नाही. पुढे त्यांनी इंग्रजीत 'सेंट्स ऑफ महाराष्ट्र' हा ग्रंथ लिहिला. तो भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांची परंपरा मराठी न येणाऱ्या वाचकांना सांगण्याचे काम जिनिव्हात वाढलेल्या एका सुनेने करावे, यात आपल्याला अभिमानाबरोबरच थोडी लाजही वाटावयास हवी. संस्कृत नावांचा एक कोशही त्यांच्या नावावर आहे.

आता त्यांच्या ज्या कार्यामुळे त्यांचे नाव इतिहासात राहील त्याकडे वळते.

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला आणि दोन-अडीच महिन्यांतच काश्मीरात लढाई पेटली. आपले सैनिक शौर्य गाजवीत होते. परंतु त्या शौर्याचा गौरव करावयास स्वतंत्र देशापाशी स्वतःचे पदक नव्हते. तोपर्यंतचा सर्वोच्च मान म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. तो ब्रिटिश राणीच्या नावाचा. नव्या राष्ट्राला ते कसे चालावे? नव्या पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली. स्वतंत्र भारताचे ते पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल. त्यांना सावित्रीबाईंच्या संस्कृतच्या व पुराणांच्या व्यासंगाची आणि चित्रकलेची माहिती होती. त्यांनी हे काम त्यांच्यावर सोपविले. विचार करून पाहा. ज्या देशाला कलावंतांची वाण नव्हती, त्या देशाने आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाचे रेखाटन एका सैनिकाच्या पत्नीकडून, परमुलखात जन्मलेल्या स्त्रीकडून करून घेतले.

सावित्रीबाईंनी प्रतीक निवडले ते इंद्राच्या वज्राचे. कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वृत्रासुरापुढे देवांचे काही चालेना, तेव्हा ते दधीची ऋषींकडे गेले. दधीचींनी हसतमुखाने देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींतून वज्र घडले. म्हणजे देवांचे सर्वांत प्रखर शस्त्र ते लोखंडाचे नव्हे. ते एका निःशस्त्र माणसाने दिलेल्या हाडांचे. शौर्याचे चिन्ह म्हणून कोणी गरजणारा सिंह काढला असता, कोणी उगारलेला हात काढला असता. या बाईंनी दान काढले. मला असे वाटते, की पतीला रणावर धाडून मागे राहण्याचा अर्थ जिला ठाऊक आहे, तिलाच हे सुचावे.

परमवीर चक्र हे पदक दिसावयास साधे आहे. काशाचे, गोल, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचे. मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्या चारी बाजूंस चार वज्रे. मागील अंगास देवनागरी व रोमन अक्षरांत 'परमवीर चक्र' आणि त्या दोन ओळींच्या मध्ये कमळाची फुले. फीत साध्या जांभळ्या रंगाची. ना सोने, ना चांदी, ना रत्न. या रचनेमागे शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीचेही स्मरण होते असे सांगितले जाते. परंतु पदक पाहणाऱ्याला दिसतात ती वज्रेच. २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, हे पदक स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्याला ते लागू करण्यात आले. महावीर चक्र, वीर चक्र आणि नंतर अशोक चक्राच्या मालिकेतील पदके यांचीही रेखाटने सावित्रीबाईंचीच.

आणि आता दैवाचा खेळ पाहा. या पदकाचे पहिले मानकरी ठरले ते कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे मेजर सोमनाथ शर्मा. हात प्लॅस्टरमध्ये असताना ते काश्मीरला गेले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे शत्रूला रोखून धरताना त्यांनी देह ठेवला. हे सोमनाथ शर्मा म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर. जे पदक आईने कागदावर रेखाटले, ते पहिल्या प्रथम मुलीच्याच सासरी गेले. गौरव म्हणूनही गेले आणि दुःख म्हणूनही गेले. पदकाचे हे दोन्ही अर्थ जिच्या घरात एकाच वेळी उतरले, अशी दुसरी कलावंत मला तरी ठाऊक नाही.

पुढच्या मानकऱ्यांत आपल्या जवळचे एक नाव आहे, ते मुद्दाम सांगते. कारवारजवळच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बाँबे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर रणगाड्यांना वाट करून देण्यासाठी त्यांनी गोळीबाराखाली सुरुंग काढले, रस्त्यात पाडलेली झाडे दूर केली, स्वतः जखमी असताना दिवस-रात्र काम केले. राणे यांना हा मान जिवंतपणी मिळाला. ते भाग्य थोड्यांचेच. १९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत २१ वीरांना परमवीर चक्र मिळाले, त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. याचा अर्थ असा, की बहुतेक वेळा हे पदक ज्याचे त्याच्या छातीवर लागलेच नाही. ते पत्नीच्या, आईच्या किंवा वडिलांच्या हातात पडले. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर रणगाडे फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांचे पदक २६ जानेवारी १९६६ रोजी त्यांच्या पत्नी रसूलनबीबी यांनी राष्ट्रपतींच्या हातून स्वीकारले. एका स्त्रीने रेखाटलेली वस्तू दुसऱ्या स्त्रीच्या ओंजळीत पडते. त्या क्षणी त्या दोघींमध्ये जे काही असते, त्याला भाषा नाही, प्रांत नाही, धर्म नाही.

सावित्रीबाईंच्या आयुष्यातही तो क्षण वेगळ्या रूपाने आला. १९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर निवर्तले. पत्नीचे वय तेव्हा ३९ वर्षांचेही नव्हते किंवा नुकते झाले होते. दोन मुलींची आई. ज्या माणसासाठी देश, धर्म, भाषा, नाव सारे बदलले, तो माणूस गेला. आता परत जाण्याचा मार्ग मोकळा होता. कोणी दोषही दिला नसता. त्या परत गेल्या नाहीत. त्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्या निर्वासितांसाठी पूर्वीपासून काम करीत होत्या. ते त्यांनी पुढे चालविले. मन अध्यात्माकडे वळले आणि रामकृष्ण मठाच्या आश्रयाने त्यांनी उत्तरायुष्य घालविले. २६ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी याच भूमीत डोळे मिटले. एका माणसाच्या प्रेमापोटी आलेली मुलगी त्या माणसामागे ३८ वर्षे येथे राहिली. तेव्हा ती केवळ पतीसाठी आली होती असे कसे म्हणावे?

मी त्यांचे चरित्र सांगितले ते त्यांना मखरात बसविण्यासाठी नव्हे. त्या अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या, सुशिक्षित घरातून आल्या होत्या, हेही विसरता कामा नये. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ते ओळखले जाते, कारण तेथे घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली. अशा गावांतील जवानाच्या बायकोने विद्यापीठ पाहिले नाही. तिने मनिऑर्डरची वाट पाहिली, शेत राखले, सासू-सासऱ्यांचे केले, मुलगा मोठा झाल्यावर त्यालाही भरतीला धाडले. तिच्या नावाने ग्रंथ नाही. सावित्रीबाईंनी काढलेले वज्र तिचेही आहे, असे मी मानते. सैनिकपत्नी कल्याण संघटना, जिला आपण 'आवा' म्हणतो, ती १९६६ साली स्थापन झाली. तोवर अशा स्त्रियांचा विचार पलटणीपलटणीत ज्या त्या बायकांनी आपापल्या मनाप्रमाणे केला.

आता शेवटची गोष्ट. ती सांगावी की नाही, याचा मी प्रवासभर विचार करीत होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका छावणीच्या गावी आम्ही मराठी बायकांनी संक्रांतीचे हळदीकुंकू केले. मंडळ म्हणण्याइतक्या आम्ही नव्हतो, पंधरा-वीस जणी असू. एका मराठी जवानाची गढवाली बायको दाराशी आली. नवी नवी होती. डोक्यावर पदर, हातात तिच्या मुलखातली कसलीशी मिठाई. कोणीतरी तिच्या नवऱ्याचे नाव सांगितले. मी पुढे झाले आणि हसून विचारले, "तुला मराठी येतं का गं?" प्रश्न वाईट नव्हता. परंतु तो मी दारात विचारला आणि उत्तर येईपर्यंत बाजूला झाले नाही. ती म्हणाली, "सीख रही हूँ, दीदी." आम्ही तिला आत घेतले, वाण दिले, तिळगूळ दिला. मग साऱ्याजणी आपापसांत मराठीत बोलू लागलो. ती तासभर भिंतीशी बसून राहिली आणि पुन्हा कधी आली नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. तिचे नाव मला आज आठवत नाही. परंतु सावित्रीबाईंचे चरित्र प्रथम वाचले, तेव्हा मला ती आठवली. लखनौच्या किंवा औरंगाबादच्या छावणीत १९३२ साली कोणीतरी त्या १९ वर्षांच्या मुलीला दारात अडविले असते तर? उलट कोणीतरी बाजूला झाले असेल, शेजारी बसविले असेल, मराठीतला पहिला शब्द शिकविला असेल. त्या अनाम बाईचे उपकार आपण कधी मोजत नाही.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपण सर्वांनी आनंद मानला. परंतु दर्जा दिल्लीत मिळतो आणि भाषा स्वयंपाकघरात टिकते. आपली मुले दूर शिकतात, दूर लग्ने करतात. कोणाची सून आसामची, कोणाचा जावई केरळचा. आता मराठी कशी टिकावयाची, ही चिंता मी प्रत्येक मंडळात ऐकते. ती चिंता खोटी नाही. माझा स्वतःचा नातू मराठी बोलतो ते व्याकरणाला घाबरवून सोडणारे असते! परंतु ज्या भाषेने जिनिव्हातल्या मुलीला संतचरित्रे लिहिण्याइतके आपलेसे केले, तिच्यात ते बळ अजूनही आहे. प्रश्न भाषेच्या बळाचा नाही, आपण दारातून बाजूला होतो की नाही, एवढाच आहे.

मंडळाच्या पुढच्या ५० वर्षांसाठी मी काही मोठा संकल्प सुचवीत नाही. पुढच्या संक्रांतीला प्रत्येकीने आपल्यासोबत अशी एकजण आणावी, की जिला मराठी अजून येत नाही. तिला शेजारी बसवावे. तेवढ्याने सावित्रीबाईंचे स्मरण होईल. आणि माझ्यापुरते बोलावयाचे, तर एका गढवाली मुलीचे ऋणही थोडे फिटेल.